आमची वाटचाल: फिल्टर शेवटी, आधी ऑइलची वाट

आमच्या वर्कशॉपचं काम सुरू झालं ते दोन ते पाच केव्हीए क्षमतेच्या पेट्रोल जनरेटरवर. डिझेल सेट नंतर आले. मशिनं बदलली तरी एक तक्रार कायम राहिली: ‘एअर फिल्टर उघडला तर आत सगळं ऑइल.’ नवा फिल्टर टाकून मशीन परत देणं हा त्यावरचा रूढ इलाज. आमच्याकडे उलटा क्रम ठरत गेला, तो असा की फिल्टर सगळ्यात शेवटी बदलायचा. त्यातलं ऑइल आलंय क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ऑइल असलेल्या पेटीतून, आणि ती वाट बंद होईपर्यंत नवा फिल्टरही भिजणारच.

पिस्टन खाली आला की क्रँककेसमधली हवा दाबली जाते. ती ब्रीदरमधल्या (क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतल्या) रीड व्हॉल्व्हमधून, म्हणजे एकाच दिशेने उघडणाऱ्या पातळ पट्टीच्या झडपेतून, बाहेर पडते आणि रबरी नळीने फिल्टरच्या डब्यात जाते, म्हणजे ऑइलची वाफ इंजिनातच जळून जावी. पिस्टन वर जाताना रीड बंद होते. त्यामुळे नळीच्या तोंडाशी थोडा ओशटपणा असणारच. डब्याच्या तळाशी ऑइल साचलं किंवा पेपर एलिमेंट (फिल्टरमधली कागदी गाळणी) चिंब झालं, तर मात्र बिघाड आहे.

मशीन हाती येण्याआधी फोनवर दोन गोष्टी विचारतो. आडवं केलं होतं का, आणि शेवटचं ऑइल किती भरलं. गाडीतून नेताना फिल्टरची बाजू खाली गेली असेल तर बाकी काही बिघडलेलं नसण्याची शक्यता मोठी. अशा मशिनाची दोरी लगेच जोरात ओढू नका. सिलिंडरमध्ये ऑइल उतरलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मशीन सरळ ठेवून आधी स्पार्क प्लग काढायचा, भोकावर फडकं धरायचं आणि दोरी सावकाश ओढून ऑइल बाहेर काढायचं.

ऑइल जास्त भरणं हे नेहमीचं कारण. १६० सीसीच्या आसपासच्या इंजिनाला साधारण ०.६ लिटर ऑइल लागतं. बाटली येते एक लिटरची, आणि ती उघडली की रिकामी होईपर्यंत ओतली जाते. मग क्रँक (पिस्टनला जोडलेला फिरता दांडा) रवीसारखा ते ऑइल घुसळतो आणि फेसासकट ब्रीदरमधून वर फेकतो. पातळी सपाट जमिनीवर, इंजिन बंद ठेवून पाहायची. बऱ्याच छोट्या इंजिनांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. आपल्या मशिनाचं पुस्तक काय सांगतं ते बघा.

कोणी ऑइल ओतलं नाही तरी पातळी वाढलेली दिसते, तेव्हा डिपस्टिकचा वास घ्या. कार्बोरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोल आत येणं थांबवणारी सुई) नीट बसत नसेल आणि पेट्रोलचा कॉक उघडाच राहिला असेल, तर पेट्रोल रात्रभर झिरपत सिलिंडरमार्गे क्रँककेसमध्ये उतरतं. हे आम्ही सगळ्यात गंभीर धरतो, कारण पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही. नीडल आणि तिची सीट दुरुस्त करून मगच नवं ऑइल भरायचं. तोवर मशीन चालवायचं नाही.

पातळी बरोबर असेल तर ब्रीदर उघडतो. काही इंजिनांत तो टॅपेट कव्हरमध्ये (व्हॉल्व्हवरच्या झाकणात) असतो, काहींत क्रँककेसच्या बाजूला. रीड वाकलीय का, तिच्याखाली काजळी अडकलीय का, हे बघायचं. त्याच कप्प्यात ऑइल परत खाली जायला एक बारीक भोक असतं. ते बुजलं की ऑइल कप्प्यात साठतं आणि नळीतून पुढे सरकतं. पातळ तारेने भोक मोकळं केलं की पुष्कळदा तिथेच काम संपतं. नळी फिल्टरवरून काढून बाहेर सोडून देणारेही भेटतात. त्याने फिल्टर कोरडा दिसतो, रोग आत तसाच राहतो, आणि रीड खराब असेल तर उघड्या नळीतून धूळ थेट क्रँककेसमध्ये ओढली जाते.

यानंतर उरतात पिस्टनच्या रिंगा आणि हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि त्याच्या वरच्या झाकणामधलं (हेडमधलं) सील. इथे सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या नुसत्या कॉम्प्रेशन गेजवर आम्ही विसंबत नाही. छोट्या इंजिनांच्या कॅमवर बहुधा डिकॉम्प्रेसर (सुरू करताना दाब थोडा सोडणारी यंत्रणा) असतो, त्यामुळे चांगलं इंजिनही कमी आकडा दाखवतं. हवा कुठून गळते ते दाखवणारी लीक-डाउन टेस्ट बरी: पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला, आणायचा, क्रँक पक्का धरायचा आणि प्लगच्या भोकातून हवा सोडायची. ऑइल भरायच्या तोंडातून मोठी फुसफुस आली तर रिंगा गेल्या, किंवा गॅस्केट पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्याच्या) पोकळीकडे फुटलंय. दोन्हींचा आवाज सारखाच. म्हणून आधी हेड काढून गॅस्केटवर काळा पट्टा दिसतो का पाहतो. हेडच्या सपाटीत सरळ पट्टीखाली ०.१० मिमीचा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) शिरला तर हेड वाकलेलं धरतो. नवं गॅस्केट बसवताना बोल्ट कर्णरेषेत, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे.

डिझेलच्या कामाने यात टर्बोची (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची) भर घातली. फिल्टर तुंबला की टर्बोच्या कॉम्प्रेसरमागे ओढ वाढते आणि सीलमधून ऑइल खेचलं जातं. टर्बोची ऑइल परतीची नळी चोंदली असेल तरी तेच होतं, म्हणून नवा टर्बो मागवण्याआधी ती नळी उघडून बघा. ऑइल-बाथ फिल्टर (ऑइलच्या वाटीने धूळ पकडणारा) असेल तर वाटीवरच्या रेषेच्या वर ऑइल भरू नका. जास्तीचं थेट इंजिनात ओढलं जातं.

फिल्टरची पाळी आता. ऑइलने भिजलेलं पेपर एलिमेंट धुऊन किंवा हवा मारून सुधारत नाही, टाकूनच द्यायचं. फोम कोमट साबणपाण्यात धुवायचा, पिळायचा नाही, दाबून पाणी काढायचं. पूर्ण वाळला की स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून पुन्हा घट्ट दाबायचा. जास्तीचं ऑइल राहिलं तर तो स्वतःच डबा भिजवतो आणि इंजिन काळा धूर सोडतं. पेट्रोलने फोम धुवू नये, भडका उडायचा धोका असतो.

दुरुस्तीनंतर डबा पुसून कोरडा करतो, ब्रीदर नळीच्या तोंडाखाली पांढरा कागद ठेवतो आणि मशीन अर्ध्या लोडवर अर्धा तास चालवतो. बिनलोडची चाचणी आम्ही धरत नाही. रिंगांमधून सुटणारा वायू लोडवरच खरा कळतो. कागदावर पुसट डाग चालतो. थेंब दिसला तर मशीन परत टेबलावर.