लहान उडीला उशीर

फॅबमधून, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्यातून, आमची डिस्प्ले ड्रायव्हर चिप (स्क्रीनच्या पिक्सेलना व्होल्टेज पुरवणारी) येऊन दोनच दिवस झाले होते. एलसीडी पॅनेलला जोडली, चित्रं दिसली, सगळे खुशीत. मग टेस्टिंगच्या मुलीने एक ओळ काळी, एक ओळ करडी असा पॅटर्न लावला आणि मला हाक मारली. "सर, हा करडा तुम्हाला मोरपिशी वाटतोय का?"

वाटत होता.

पॅनेल 1080 बाय 1920 चं, उभं, सेकंदाला 60 फ्रेम. 16.7 मिलिसेकंदांना 1920 ने भागलं की एका ओळीला जेमतेम 8.7 माइक्रोसेकंद मिळतात. त्यात आमच्या चिपची एकच पिन लाल, हिरवा, निळा अशा तीन कॉलमना आळीपाळीने भरते. म्हणजे एका रंगाला पुरते 2.9 सुद्धा नाहीत. तेवढ्यात डिकोडरने 256 व्होल्टेजांतून नेमकं एक निवडायचं, अ‍ॅम्प्लिफायरने ते पुढे रेटायचं आणि पिक्सेल भरायचा.

खोलीत लगेच तर्क सुरू झाले. लिक्विड क्रिस्टल हळू आहे, असं एकाने सांगून टाकलं. पण चित्र स्थिर होतं. क्रिस्टलला पोचायला हवा तेवढा वेळ होता. पिक्सेलचा टीएफटी, म्हणजे पॅनेलवरचा पिक्सेल भरणारा ट्रान्झिस्टर, कमजोर म्हणावा, तर फटका एकट्या लालला बसला नसता. इथे एकटा लाल कमी पडत होता, म्हणून करडा मोरपिशी. प्रत्येक ओळीत लाल पहिला भरला जातो. काळ्यावरून करड्यावर उडी मारायचं काम त्याच्याच वाट्याला. हिरव्याची पाळी येईपर्यंत चिपच्या आत व्होल्टेज पोचलेलं असतं. म्हणजे दोष आमच्या चिपमध्ये होता. पॅनेलवाल्यांना लिहायला घेतलेली मेल मी गुपचूप पुसली.

संशय अर्थातच अ‍ॅम्प्लिफायरवर. अर्धा तास मी चिपच्या सेटिंगमधून त्याचा बायस, म्हणजे त्याला मिळणारा करंट, वाढवत बसलो. चिप तापली, करडा होता तसाच.

"पांढरा लावून बघू?" ती म्हणाली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या लावल्या, तर पांढरा स्वच्छ! मी खुर्ची ओढून बसलो. पांढऱ्याची उडी करड्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि ती वेळेत. अ‍ॅम्प्लिफायर दमत असता तर उलट झालं असतं. उजेडाची एकेक लेव्हल चढवत गेलो तेव्हा कळलं, की गडद लेव्हल ठीक, उजळ ठीक, फक्त मधला पट्टा लंगडतो.

मग डिकोडरकडे वळलो. तिथे रेझिस्टर स्ट्रिंगच्या (ओळीने जोडलेल्या रेझिस्टरांच्या) 256 टॅपवरून, म्हणजे एकेक व्होल्टेज काढून घ्यायच्या जागांवरून, स्विचचं झाड निघतं. आठ बिट, म्हणून निवडलेल्या व्होल्टेजला आठ ट्रान्झिस्टर एकामागून एक ओलांडावे लागतात. वरच्या व्होल्टेजांना पीमॉस, खालच्यांना एनमॉस, असे दोन जातींचे ट्रान्झिस्टर. पाच व्होल्टच्या सप्लायमध्ये टोकाचं व्होल्टेज असलं की स्विच ठणठणीत उघडतो. अडीचच्या आसपास मात्र गेटला, म्हणजे स्विच उघडणाऱ्या टोकाला, अर्धाच जोर मिळतो, त्यात थ्रेशोल्ड, म्हणजे उघडायला लागणारा किमान जोर, बॉडी इफेक्ट नावाच्या परिणामाने वर सरकलेला. स्विच उघडतो, पण किलकिला. असे आठ किलकिले दरवाजे ओळीने.

खात्री करायला चिपवर फ्रीझर स्प्रे मारला. मोरपिशी झाक गडद झाली. हॉट गनने शेकली तर जवळजवळ गेली. पुरता उघडलेला ट्रान्झिस्टर तापला की सहसा मंदावतो; पण जोर मुळातच तोकडा असेल तर थंडीत वाढलेला थ्रेशोल्ड जास्त नडतो. प्रोब न लावता एवढं स्पष्ट उत्तर क्वचितच मिळतं.

चूक माझीच होती. सेटलिंगची, म्हणजे व्होल्टेज किती वेळात स्थिरावतं याची, सिम्युलेशन्स मी काळ्यावरून पांढऱ्यावर चालवली होती, सर्वांत मोठी उडी म्हणजे सर्वांत वाईट, असं धरून. शिवाय एकच चॅनेल, म्हणजे एकाच पिनचा डिकोडर आणि पुढचं सर्किट, चालवला होता. अख्खी ओळ एकाच करड्याची असली की सगळे चॅनेल एकाच टॅपवर तुटून पडतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. रात्रभर चालणारं सिम्युलेशन नको होतं, एवढंच.

संध्याकाळी लेआउटवाल्याला गाठलं. दोन-दोन बिट आधीच डिकोड करायचे, म्हणजे दोन स्विचच्या जागी एक, आठाचे चार. साखळीतला उशीर साधारण लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणून कागदावर तो चौथाईवर येतो. प्रत्यक्षात तेवढा येत नाही, कारण प्रत्येक जोडावर आता दोनऐवजी चार ट्रान्झिस्टरची कपॅसिटन्स, म्हणजे भरावा लागणारा चार्ज, लटकते. तारा तेवढ्याच राहतात, पण लेव्हल शिफ्टर (कमी व्होल्टेजचे बिट स्विच चालवण्याइतके वर चढवणारी सर्किटं) आठाचे सोळा होतात, तेही प्रत्येक चॅनेलला.

"सोळा? जागा काय खिशातून काढू?" तो म्हणाला.

घासाघीस बारावर मिटली. खालच्या चार बिटांच्या दोन जोड्या केल्या, साखळी सहा स्विचची झाली. मधल्या लेव्हलना पीमॉसच्या जोडीला एनमॉसही दिला.

दुसरी चिप आली त्या दिवशी पॅटर्न लावायच्या आधीच तिने स्प्रेचा डबा टेबलावर काढून ठेवला होता. नेहमीच्या तापमानाला करडा करडाच होता. स्प्रे मारल्यावर मधल्या दोन-तीन लेव्हलना मला अजून पुसट मोरपिशी दिसतं. तिला दिसत नाही, मोजमापातही ते मर्यादेच्या आत आहे.