तयार कुंड्या

४ डिसेंबर

धाकटा काल पिटुनियाच्या तयार कुंड्या घेऊन आला. गुलाबी, जांभळ्या, पांढऱ्या, नुसत्या फुलांनी लगडलेल्या. गच्चीच्या कठड्याशी ओळीने मांडून म्हणाला, “आई, आता वाकून वाकून पेरत बसू नकोस. ही बघ, आणली की झालं.” चहा घेतला आणि गेला. तेव्हापासून मन लागत नाही.

प्रेमानेच आणल्या, ते कळतं मला. माझी कंबर दुखते हे त्याच्या लक्षात राहिलं, याचं बरंही वाटतं. मग एवढं लागलं कुठे?

पाऊस सरला की दसऱ्याच्या सुमाराला थंडीच्या फुलांचं बी पेरायचं, हे या घरात ठरलेलं. सासूबाईंची पद्धत निराळी होती. ते आज नको. पिटुनियाचं बी म्हणजे धूळच, एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास दाणे. बारीक वाळूत मिसळून भुरभुरायचं आणि वर माती घालायची नाही, कारण उगवायला त्याला उजेड लागतो. वरून पाणी शिंपडलं तर बी वाहून एका कोपऱ्यात जातं, म्हणून ट्रे परातीतल्या पाण्यात ठेवायचा, खालून ओल चढू द्यायची. पुण्यातलं ऑक्टोबरचं ऊन पोळून काढतं, तेव्हा दुपारी सगळं उचलून सावलीत न्यायचं. ओल जास्त झाली की रोपं बुडाशी काळी पडतात आणि एका रात्रीत कोलमडतात. स्वीट पीचं त्याच्या उलट. दाणा वाटाण्याच्या जातीचा, साल टणक, रात्रभर भिजत घालून बोटाचं एक पेर खोल लावायचा.

हे सगळं त्याने लहानपणी पाहिलंय. शाळेतून आला की झारी घेऊन माझ्या मागे मागे असायचा. आणि आता त्याला त्यातलं माझं वाकणं तेवढं दिसतं. फुलं मिळाली की आईचं काम संपलं, असं वाटतं त्याला. फुलं मला हवीच आहेत. पण उद्या कुणी माझ्या हातचं सगळंच असं तयार आणून ठेवलं, तर दिवसभर मी... जाऊ दे.

माझी रोपं अजून हिरवीच आहेत. गेल्या आठवड्यात शेंडे खुडले. कळी धरायच्या बेतात असलेला शेंडा खुडायला हात धजत नाही, पण त्याशिवाय बाजूचे फुटवे येत नाहीत. त्या रंगीत ओळीपुढे ती आज फार केविलवाणी दिसली. आणि मीही, असं सकाळी वाटत होतं.

दुपारी एक नवी कुंडी उचलून पाहिली. हलकी लागली. नुसतं नारळाच्या काथ्याच्या भुशाचं कोकोपीट, वरून सुकलेलं. पाणी घातलं. सुकलेली फुलं देठासकट काढली, नाहीतर झाड बी धरायच्या मागे लागतं आणि बहर आटतो. असं करत करत सगळी ओळ संपली. हीसुद्धा कुणीतरी पेरलेलीच की. सोलापूर रस्त्याकडच्या एखाद्या नर्सरीत, रोपांच्या खणाखणांच्या प्रो-ट्रेपुढे उकिडवं बसून एकेक रोप उचलणारी बाई माझ्यासारखीच कंबर धरून उठत असेल. तिची रोपं आज फुलली, माझी जानेवारीत फुलतील, एम्प्रेस गार्डनच्या फुलांच्या प्रदर्शनाच्या आगेमागे. होळीनंतर ऊन तापलं की तिचीही जाणार, माझीही.

संध्याकाळी त्याला फोन केला. मला लागलं, हे बोलले नाही. कुंड्या छान आहेत, पण कोकोपीटमुळे रोज पाणी मागतात, तेव्हा रविवारी येऊन झारी धर, एवढंच सांगितलं. शिवाय खताला निंबोळी पेंड आण. पुढच्या दसऱ्याला बी मीच पेरणार, ट्रे उचलायचे तू. “अजून पेरणारच का?” त्याने विचारलं. हो म्हटलं. यावर काही बोलला नाही. पेंड किती आणू, एवढंच विचारलं.