भट्टी थंड असलेला दिवस

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, वर्षातून एकच दिवस असा येत असे, की फाटकातून आत शिरताना जळक्या वाळूचा वास न येता झेंडूचा आणि उदबत्तीचा वास येई. तो दिवस खंडेनवमीचा. आदल्या रात्री शेवटची हीट, म्हणजे वितळलेल्या धातूचा शेवटचा घाणा, ओतून झाली की भट्टी बंद होई, मोल्डिंगची, म्हणजे वाळूचे साचे भरायची, जागा झाडून काढली जाई, आणि एरवी जागा मिळेल तिथे पसरणारा वाळूचा ढीग त्या दिवसापुरता चारी बाजूंनी थापून नीट चौकोनी केला जाई. सकाळी लॅडल, रॅमर, थाप्या, चाळण्या, पॅटर्न अशी सारी हत्यारे पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिले जाई. भट्टीच्या कॉइलला हार घालू नये अशी इलेक्ट्रिशियनची सक्त ताकीद असे आणि तरीही दर वर्षी कोणीतरी तो घालतच असे.

मी तिथे सव्वीस वर्षे टाइम ऑफिसात होतो आणि त्यांतली चौदा वर्षे कामगार मंडळाचा सचिव होतो. त्यामुळे या दिवसाची वर्गणी, मांडव, जेवण आणि भांडणे या चारही गोष्टी माझ्याकडे असत. पूजा सकाळी आणि वार्षिक स्नेहमेळावा दुपारी, अशी आमची पद्धत होती. कामगारांची बायकामुले फौंड्रीच्या आत येऊ शकत तो हा एकमेव दिवस. आपला बाप दिवसभर कुठे उभा असतो हे मुलांना पाहायला मिळे, आणि थंड भट्टीत वाकून पाहताना त्यांच्या तोंडावर जी किंचित निराशा दिसे, ती पाहून मला नेहमी हसू येई. त्यांना आग पाहायची असे आणि आम्ही त्यांना नेमके आग नसलेल्या दिवशी बोलावत असू.

आमचा माल रेल्वेचा. कंपनी मूळची शिवाजी उद्यमनगरातली. तिथे सुरुवातीला ऑइल इंजिनचे सुटे भाग ओतले जात आणि पुढे रेल्वेच्या ऑर्डरी मिळू लागल्यावर ती शिरोलीला आली. दोन वस्तूंवर आमची चूल चाले. एक म्हणजे बिडाचा ब्रेक ब्लॉक, जो चाकावर दाबला जाऊन गाडी थांबवतो आणि थांबवता थांबवता स्वतः झिजत जातो. दुसरी म्हणजे इन्सर्ट. काँक्रीटच्या स्लीपरमध्ये हा तुकडा ओततानाच पुरला जातो आणि रूळ धरून ठेवणारी क्लिप त्याच्या वर राहिलेल्या डोक्यात अडकवली जाते. एका स्लीपरला असे चार तुकडे लागतात. मेळाव्याला येणारे प्रमुख पाहुणे भाषणाची सुरुवात बहुतेक वेळा एकाच वाक्याने करत, की 1888 साली शाहू महाराजांच्या हस्ते कोल्हापूर-मिरज रेल्वेच्या कामाचा प्रारंभ झाला आणि 1891 साली गाडी सुरू झाली. हे वाक्य आम्हांला इतके पाठ झाले होते, की मागच्या रांगेतले मोल्डर पाहुण्यांच्या अर्धा शब्द पुढे असत.

या मोल्डरांमध्ये सर्वांत ज्येष्ठ होते आबा. 1979 च्या जूनमध्ये, विसाव्या वर्षी, ते हेल्पर म्हणून लागले आणि मेस्त्री होऊन निवृत्त झाले. आले तेव्हा कुपोला, म्हणजे कोकवर चालणारी उभी भट्टी, होता. दोन दिवस साचे भरायचे आणि तिसऱ्या दिवशी भट्टी पेटवून एकदम सगळे ओतायचे, असा तो काळ होता. कोक, चुनखडी, बीड आणि भंगार यांचे थर वरून टाकायचे, खालचे भोक मातीच्या गोळ्याने बुजवायचे आणि वेळ झाली की सळईने फोडायचे. पुढे विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी आली, तपमान आकड्यात दिसू लागले, पण आबा आधी धातूच्या रंगाकडे पाहत आणि मग आकड्याकडे. दोघांत फरक पडला तर ते आकड्याला दोष देत. त्यात ते प्रत्येक वेळी बरोबर असत असे मी म्हणणार नाही.

इन्सर्टचे काम आले तेव्हा मात्र त्यांना नवे शिकावे लागले. साध्या बिडात ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखे पसरलेले असते म्हणून ते ठोक्याने तुटते. त्यात मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातू मिसळला की ग्रॅफाइटच्या गोळ्या बनतात आणि बीड चिवट होते. हे मिसळताना डोळे दिपवणारा पांढरा लखलखाट होतो, आणि त्यानंतरची काही मिनिटे फार मोलाची असतात, कारण मॅग्नेशियमचा गुण लवकर ओसरतो. त्या मिनिटांत सारे साचे भरून झाले पाहिजेत. आबांचा आवाज एरवी कोणाला ऐकू येत नसे, पण या वेळी तो पूर्ण शेडमध्ये घुमत असे.

मेळाव्याच्या खेळांत संगीतखुर्ची, लिंबूचमचा हे सगळे होतेच, पण गर्दी जमे ती ‘वजन ओळखा’ला. पाच-सहा कास्टिंग मांडून ठेवायची, हाताने उचलून वजन सांगायचे आणि मग काट्यावर टाकायचे. आबा यात दर वर्षी पहिले येत, म्हणून एका वर्षी आम्ही त्यांना स्पर्धक न ठेवता परीक्षक केले. तेव्हा त्यांनी काट्याचेच वजन चुकते आहे असा निकाल दिला. दुसऱ्या दिवशी काटा तपासला तर तो खरोखरच शंभर ग्रॅमने चुकत होता.

जेवणाचा प्रश्न दर वर्षी वादाचा होई. निम्म्या लोकांचे नवरात्राचे उपवास आणि उरलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी खंडेनवमीला मटण. तांबडा-पांढरा रस्सा मेळाव्यातच ठेवावा अशी मागणी तरुण पोरांकडून येई, आणि फौंड्रीत त्या दिवशी देवी बसलेली आहे असे म्हणून जुनी माणसे ती हाणून पाडत. शेवटी मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलेबी आणि उपवासवाल्यांना साबुदाण्याची खिचडी हा तह कायम झाला. रश्श्याचा कार्यक्रम दसऱ्यानंतर कोणाच्या तरी मळ्यात स्वतंत्रपणे होई. त्याचा हिशेब मंडळाच्या वहीत कधी लिहिला गेला नाही. पंगतीत वाढायला आबा स्वतः उतरत. फेटलिंगमधल्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या खात्यातल्या, एका माणसाच्या पानात ते न विचारता दोन जिलेब्या जास्त टाकत, आणि तो कधी नको म्हणत नसे. दोघांचे गाव एक असेल, असे मी गृहीत धरले होते.

पूजेचा मान मालकांचा नसे. त्या वर्षात जो निवृत्त होणार असेल, त्याने जोडीने पूजा करायची, असा मंडळाचा नियम होता. हा नियम कोणी आणि कधी केला याची नोंद मला वहीत सापडली नाही, पण तो मोडायची छाती कोणाला झाली नाही. 2017 साली मान आबांचा होता. त्या वर्षी दसरा 30 सप्टेंबरला आला आणि आबांच्या सेवेचा शेवटचा दिवसही कागदोपत्री तोच होता. म्हणजे खंडेनवमी हाच त्यांचा कामावरचा शेवटचा दिवस ठरला, आणि त्या दिवशी काम नव्हते. आदल्या रात्रीची शेवटची हीट म्हणून त्यांनी हट्टाने स्वतः ओतली.

त्याआधी महिनाभर ते माझ्या टेबलासमोर येऊन बसत. भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज, पेन्शनचा दहा-डी नमुना, बँकेचे पासबुक, वहिनींचा फोटो अशी सगळी जमवाजमव चालली होती. मी त्यांना ग्रॅच्युइटीचा हिशेब समजावला. प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, महिन्याचे दिवस सव्वीस धरायचे, म्हणजे अडतीस वर्षांचे जवळजवळ बावीस महिन्यांचे वेतन होते.

‘‘जून ते सप्टेंबर वरचं तीन महिनं?’’ आबांनी विचारले.

‘‘सहा महिन्यांच्या वर असते तर वर्ष धरलं असतं, आबा. तीन महिने धरत नाहीत.’’

‘‘म्हंजे ते तीन महिनं फुकट केलं म्हना की मी,’’ असे म्हणून ते बराच वेळ हसत राहिले. पेन्शनचा आकडा ऐकून मात्र हसले नाहीत. 1995 च्या योजनेतली आमच्यासारख्यांची पेन्शन किती असते हे ज्यांनी घेतली आहे त्यांना ठाऊक आहे. त्या आकड्याने घराचा किराणाही भागत नाही, आणि अर्ज भरून घेणारा कारकून म्हणून तो आकडा माणसाच्या तोंडावर सांगणे हे माझ्या नोकरीतले सर्वांत नावडते काम होते.

त्या दिवशीच्या मेळाव्यात फेटा, शाल, श्रीफळ, वहिनींना साडी हे रीतीप्रमाणे झाले. मंडळाच्या वतीने आम्ही दोघांची हरिप्रिया एक्सप्रेसची तिरुपतीची तिकिटे काढली होती. नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो, तेव्हा कोल्हापुरातून कोणी उलट तिकडे गेले पाहिजे, अशी कोटी मी निवेदनात केली आणि ती बऱ्यापैकी पडली. अडतीस वर्षे रेल्वेचा माल ओतणारा हा माणूस रेल्वेने मिरजेच्या पुढे कधी गेला नव्हता. व्यवस्थापनाच्या वतीने जे भाषण झाले ते लांबले. त्यातले आज मला एवढेच आठवते, की जुन्या धाटणीच्या डब्यांचे दिवस संपत आले असून नव्या एलएचबी प्रकारच्या डब्यांना चाकावर दाबणाऱ्या ब्लॉकऐवजी डिस्क ब्रेक असतो, असे वक्त्यांनी सांगितले. ते खरेच होते. ब्रेक ब्लॉकच्या ऑर्डरी बिडाऐवजी मिश्र पदार्थांचे कंपोझिट ब्लॉक आल्यापासूनच आटत गेल्या होत्या, आणि पुढच्याच जानेवारीत चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने जुन्या पद्धतीचे डबे बनवणे थांबवले. पण एका मोल्डरच्या निरोपाच्या दिवशी ते सांगायची काही गरज नव्हती.

मग आबा उठले. ते बोलणार नाहीत असे मी गृहीत धरले होते आणि आभाराचा कागद हातात घेऊनच उभा होतो. त्यांनी ध्वनिक्षेपक बाजूला सारला आणि 1998 च्या पावसाळ्यातल्या त्या लॉटची गोष्ट काढली. तो लॉट आम्हां जुन्या लोकांना माहीत होता. तपासणीला आलेल्या साहेबांनी नमुन्याचे तुकडे फोडले तर आत हवेची भोके निघाली, आणि सगळा माल नापास होऊन पुन्हा भट्टीत गेला. वाळूत पाणी जास्त झाले की ओततानाच त्याची वाफ होते आणि ती धातूत अडकते. वाळू मिसळणारा हेल्पर दोषी ठरला, त्याची त्या वर्षीची बढती गेली आणि त्याला मोल्डिंगवरून काढून फेटलिंगला ग्राइंडरवर घातले गेले.

‘‘वाळू त्यानं बरोबर केलीती,’’ आबा म्हणाले. ‘‘ती कमी पडली. तपासनीला साहेब येनार म्हनून घाई हुती, म्हनून भाहेरच्या ढिगातली भिजल्याली दोन घमेली मीच मिसळली. मुठीत धरून बघितलीबी न्हाई. इचारलं तवा मी गप बसलो.’’

मांडवात कोणी हलले नाही. पहिल्या रांगेतल्या साहेबलोकांनी एकमेकांकडे पाहिले, आणि मला स्वतःच्या हातातला आभाराचा कागद घडी करून खिशात ठेवावासा वाटला. मागच्या बाजूला, उपवासाच्या खिचडीची पातेली होती तिथे, फेटलिंगमधला तो माणूस उभा होता. तोही आता पन्नाशीच्या पुढे गेला होता. त्याने तिथूनच, फारसा आवाज न चढवता, म्हटले, ‘‘मला तवाच म्हाईत हुतं, आबा. बसा आता.’’

आबा बसले. मी आभार मानले की नाही हे मला आठवत नाही. पंगतीत त्या दिवशी आबांना वाढायला उतरू दिले नाही, कारण ते सत्कारमूर्ती होते. त्यांच्या पानात जिलेबी वाढायला फेटलिंगवाला आला आणि ती त्याने मोजून दोनच वाढली. संध्याकाळी कोणीतरी त्या दोघांना एका मोटारसायकलवरून पंचगंगेच्या पुलाकडे जाताना पाहिल्याचे सांगितले. ते दोघे काय बोलले हे विचारण्याचा अधिकार मंडळाच्या सचिवाला नव्हता.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला आबा पाहुणे म्हणून आले. नेहमीप्रमाणे आधी मांडवात न जाता ते थेट वाळूच्या चौकोनी ढिगाकडे गेले, एक मूठ उचलून दाबली, गोळा मधोमध मोडून कडा पाहिली आणि काही न बोलता हात झटकले. याचा अर्थ वाळू ठीक आहे असा होता. चहा घेताना मी त्यांना तिरुपतीचा प्रवास कसा झाला ते विचारले. माझ्या मनात त्यांचा एक जुना हिशेब होता. किलोमीटरला 1660 स्लीपर धरले तर मिरजेपर्यंतच्या सुमारे अठ्ठेचाळीस किलोमीटरमध्ये तीन लाखांच्या वर इन्सर्ट लागतात, असा तो हिशेब एका मेळाव्यात त्यांनी खडूने भिंतीवर मांडला होता आणि त्यांतले आपले किती असतील यावर पैजा लागल्या होत्या. इन्सर्टच्या डोक्यावर बनवणाऱ्याची खूण आणि वर्ष उठवलेले असते, त्यामुळे वाकून पाहिले की कळते.

दर्शन चांगले झाले, लाडू मिळाला, वहिनींना गाडीत झोप लागली नाही, हे सगळे सांगून झाल्यावर ते म्हणाले, ‘‘मिरजंला गाडी थांबली तवा फलाटाच्या कडंनं वाकून बघत गेलो. ही वरडाय लागली, गाडी सुटंल म्हनून. लई बघितलं. एकबी आपला न्हवता.’’

मी काहीतरी समजुतीचे बोलणार होतो, तेवढ्यात त्यांनी बशीतला चहा संपवला.

‘‘पर ज्यानं केलंय, त्यानं काम बरं केलंय,’’ ते म्हणाले आणि ‘वजन ओळखा’च्या टेबलाकडे काटा तपासायला गेले.