नळदुर्गचा पाणीमहाल: आधी पाण्याची चौकशी करा, मगच गाडी काढा

पुण्याचा मावसभाऊ सुट्टीला आलेला, दिवसभर मोबाईलवर जगातल्या चित्रविचित्र इमारती बघत पडलेला. प्रागमधलं ते नाचल्यासारखं वाकडं डान्सिंग हाऊस, मग अमेरिकेतलं धबधब्यावर बांधलेलं फॉलिंगवॉटर. म्हणतो, हे एकदा बघायचंय. म्हटलं, बे, ते फॉलिंगवॉटर 1930च्या दशकातलं, आपल्याकडं नळदुर्ग किल्ल्यातला पाणीमहाल 1613चा आहे, तो पण सोलापूरपासून पन्नास किलोमीटरच्या आत, उठ.

खरं सांगायचं तर मी याआधी एकदा मे महिन्यात जाऊन फसलोय. ऊन असं की दगडावर हात टेकवत नव्हता आणि बोरी नदीत पाण्याच्या नावानं हिरवं डबकं. महाल बघितला, पण नुसत्या अंधाऱ्या खोल्या वाटल्या. म्हणून या वेळी आधी नळदुर्गच्या एका ओळखीच्याला फोन लावला, "नर-मादी चालू झाली का?" म्हणजे तिथल्या बंधाऱ्यावरचे दोन धबधबे. तो म्हणाला वरचं बोरी धरण भरलंय, या लवकर. तुम्ही पण हेच करा, नुसता पाऊस पडला म्हणून निघू नका, वरचं धरण भरून सांडल्याशिवाय इथं काही नाही.

हैदराबाद रोडनं बोरामणी, इटकळ करत तासाभरात पोचलो. गाडी नसेल तर सोलापूर स्टँडवरून उमरग्याकडं जाणाऱ्या एसटीत बसा, नळदुर्गला उतरा. तिकीट काढून आत गेल्यावर बुरुज वगैरे मागं ठेवा, आधी थेट बंधाऱ्यावर जा, उन्हं वर आली की गर्दी होते.

आता हा बंधारा म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण फोटोत कळत नाही. किल्ल्याच्या शेजारी रणमंडळ नावाचा दुसरा छोटा किल्ला आहे, मधनं बोरी वाहते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात नदीवर दगडी भिंत घातली, त्यानं पाणी अडलं, दोन्ही किल्ले जोडले गेले आणि वरून त्याच भिंतीच्या पोटात महाल काढला! भिंतीला दोन सांडवे, मोठा नर, छोटा मादी. नदी भरली की या दोन्हींवरून पाणी खाली उडी घेतं, आणि आपण भिंतीच्या आत कोरड्या पायानं उभे.

जिना अरुंद आहे, डोकं सांभाळा. खाली उतरल्यावर आधी वटवाघळांचा वास, मग गारवा, मग तो आवाज. बोललेलं ऐकूच येत नाही, भाऊ तोंड हलवतोय एवढंच दिसत होतं. खिडकीशी गेलो तर समोर पांढरं पाणी, मोबाईलच्या काचेवर बारीक तुषार बसले आणि फोटो काढायचा म्हणून मी शर्टाला पुसतोय, परत बसतायत, शेवटी खिशात टाकला. मागं हात लावला तर भिंत कोरडी. त्या फॉलिंगवॉटरच्या गच्च्या झुकायला लागल्या म्हणून 2002 साली दुरुस्ती करावी लागली होती, हे मी भावाला तिथं ओरडून सांगितलं, ऐकू गेलं नाही ते बरं झालं.

पाणी फार असेल आणि खाली सोडत नसतील तर तिथल्या माणसाशी हुज्जत घालू नका. बंधाऱ्याच्या कठड्यावर चढून सेल्फी अजिबात नको, शेवाळ आहे, मीच एकदा आपटलोय, गुडघा आठवडाभर सुजलेला.

वर उपळी बुरुजावर पायऱ्या चढून जायचं असेल तर महालानंतर जा, पाणी बरोबर ठेवा, तिथं सावली नाही. लहान पोरं बरोबर असतील तर बुरुज सोडा. आम्ही वर बसून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा खाल्ला, घरूनच नेलेलं. ज्यांना देवदर्शन करायचंय त्यांनी गावातल्या खंडोबाचं आधी विचारून घ्या, देव वर्षातले थोडेच दिवस नळदुर्गला असतो, बाकी अणदूरला.

आणि हो, चप्पल घालून जाऊ नका, भावाची एक चप्पल बंधाऱ्यावरच तुटली, अनवाणी पार्किंगपर्यंत आला.