सोमल, हिरकणी आणि माजघराचं दार : कादंबरी निम्म्यावर

मंडळी, मी लिहितोय ती बडोद्याची कादंबरी निम्म्यावर आली. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. ९ नोव्हेंबर १८७४ ला बडोद्यातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेअर यांनी पपनसाचं सरबत घोटभर पिऊन फेकलं. पेल्याच्या तळाशी उरलेल्या गाळात सोमल (आर्सेनिक हे विष) आणि हिऱ्याची पूड निघाली, आळ बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला. सहा जणांचं कमिशन बसलं. तिघा इंग्रजांनी दोषी ठरवलं; ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांना आरोप सिद्ध झाला असं वाटलं नाही. तरी एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराचं कारण देऊन मल्हाररावांना गादीवरून उतरवलंच.

एवढं सगळं जगजाहीर असताना रहस्य उरतं कुठे? म्हणून राजाला मी जवळजवळ पडद्याआडच ठेवलंय. माझं रहस्य रेसिडेन्सीतल्या पाणक्याचं. हा माझ्या पदरचा, विहिरीत मेलेला सापडतो आणि मोठ्या खटल्याच्या धामधुमीत त्याची कुणी दखलही घेत नाही. दखल घेतो तो जबान्यांच्या नकला करणारा कारकून, आणि वैद्यांची विधवा लेक.

या महिन्यात सगळी मेहनत त्या दोघांवर गेली. १८७५ सालच्या बडोद्यात ही दोघं बोलणार कुठे? कमाटीबागेत फिरवायचा मोह फार होतो, पण बाग १८७९ ची. न्यायमंदिर, लक्ष्मीविलास तर त्याहून पुढचे. राहिला वैद्यांचा वाडा. मग वाड्यालाच कामाला लावलं. आधी कागद ओटीवरून तिचा धाकटा भाऊ आत नेतो आणि उत्तर घेऊन येतो, तेही शब्द खाऊन. पुढे ती माजघराच्या दाराआडून बोलते. प्रत्येक धागा हाती आला की अंतर हातभर कमी, त्याहून जास्त नाही. पहिल्याच भेटीत नजरानजर आणि काळजात धस्स झालं की पाणक्याला कोण विचारतो!

सातव्या प्रकरणात ती खल उंबऱ्यावर ठेवते. हिऱ्याचं भस्म करायला किती पुटं (भट्टीतले ताव) द्यावी लागतात, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. कच्ची पूड ती पाण्यात ढवळून दाखवते: विरघळत नाही, खाली बसते. कारकुनाला दिसतो तो फक्त तिचा हात, नखांत हळदीचा पिवळा डाग. ती विचारते, "जवळ सोमल असताना हिऱ्याचा खर्च कोण करील?"

माझं आख्खं कथानक या प्रश्नावर उभं आहे. हिरकणी खाऊन जीव दिल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकल्यात, पण मारायला सोमल पुरेसा. मग पूड घालणाऱ्याचा त्या समजुतीवर विश्वास होता, की गाळ सापडावा आणि बोट थेट राजवाड्याकडे जावं, हाच डाव होता? पाणक्याने कुणाला तरी पेल्याला हात लावताना पाहिलंय, इतकं आता सांगतो.

आता सुनावणी. मल्हाररावांचे वकील सार्जंट बॅलंटाइन खास विलायतेहून आलेले. उलटतपासणीची दोन पानं जमलीत, बाकी रखडलंय. कारकुनाने तिचा तर्क बॅलंटाइनपर्यंत पोचवला तर 'हे तुला कुणी सांगितलं?' हा प्रश्न येणार, आणि तिचं नाव भर कचेरीत निघणार. नाही पोचवला तर पाणक्याचं प्रकरण तिथेच बुडालं. मी तूर्त त्याला गप्प बसवलंय, आणि तिला ते कळलंय. आठव्या प्रकरणात ती त्याच्याशी पुन्हा भावामार्फतच बोलते.