दुसरा हात कुठाय?

टेनिसवाल्यांचे एक्सरे बघितलेत कधी? ज्या हातात रॅकेट असते त्या दंडाचं हाड दुसऱ्यापेक्षा चांगलंच जाड असतं, आणि हाडं वाढायच्या वयातच खेळायला लागलेल्यांमध्ये हा फरक अजून ठळक. मला यात भारी काय वाटतं माहितीये, दोन्ही हात एकाच माणसाचे, म्हणजे जीन्स तेच, खाणंपिणं तेच, आजारपणं तीच, मग उरलेला फरक कशाचा, तर कामाचा! हाडावर ताण पडेल तसं ते स्वतःला घडवतं हे यूलियस वोल्फ नावाच्या जर्मन सर्जनने १८९२ मध्येच मांडलं होतं.

२०१७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी मध्य युरोपातल्या हजारो वर्षांपूर्वीच्या शेतकरी बायकांची हाडं आजच्या रोइंग करणाऱ्या मुलींशी ताडून बघितली, तर नवाश्मयुगातल्या बायकांचे दंड ११ ते १६ टक्के जास्त मजबूत निघाले, आणि पाय मात्र साधारण आजच्यासारखेच. जात्याआधीच्या काळात दगडावर धान्य रगडणं, खणणं, ओझी वाहणं, सगळं हातांवरच.

कवटीचं गणित वेगळं. तिथे लांबच्या लोकसमूहांमधला फरक बराचसा जीन्ससारखाच वागतो, म्हणजे पिढ्यानपिढ्या नुसत्या योगायोगाने साठत गेलेला (थंड प्रदेशातलं नाक वगैरे अपवाद आहेतच). आणि तरी बहुतेक फरक एकाच समूहातल्या माणसामाणसांतच असतो. रिचर्ड लेवाँटिन या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये रक्तातल्या प्रथिनांवरून हा आकडा साधारण ८५ टक्के काढला होता, कवट्या मोजल्या तरी उत्तर त्याच्या जवळपासच येतं. एकेकाळी कवट्यांवरून वंशांच्या उतरंडी लावणाऱ्यांची कीव येते ती यामुळे.

खरी गंमत खांद्यात आहे. १५४५ मध्ये इंग्लंडचं मेरी रोझ जहाज बुडालं, त्यात तिरंदाज होते. त्या सांगाड्यांमध्ये खांद्याच्या टोकाचा हाडाचा तुकडा, जो विशीच्या आसपास जुळून जायला हवा, तो सुटाच राहिल्याचं नेहमीपेक्षा जास्त जणांत दिसलं. लहानपणापासून जड धनुष्य ओढल्याचा परिणाम असावा, पटतं. पण हाच तुकडा आयुष्यात कधी धनुष्य न धरलेल्यांचाही सुटा असतो ना! तरी डॉक्युमेंटरीवाले एक खांदा दाखवून 'हा बघा तिरंदाज' म्हणून मोकळे होतात आणि मी टीव्हीसमोर बसून ओरडतो, अरे त्याचा दुसरा खांदा दाखव आधी!