माझा अनुभव : 'मसाज'च्या रकान्यातून सुटका

मी फिजिओथेरपिस्ट. मुलुंड पूर्वेला घरोघरी जाऊन पेशंट बघते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, पक्षाघाताचे, खांदा आखडलेले. साडेचार वर्षांची डिग्री आहे, राज्य परिषदेची नोंदणी आहे. हॉस्पिटलची नोकरी सोडली आणि एका ऑनलाइन डिरेक्टरीवर नाव-नंबर टाकला. दहा मिनिटांचं काम. निस्तरायला दोन महिने लागले.

तिसऱ्याच रात्री पावणेअकराला फोन. "रेट काय?" कशाचा, विचारलं तर हसला. "फुल बॉडी. एकट्याच येता ना?" ठेवला. दुसऱ्या दिवशी तसलेच चार. नवरा म्हणाला, नंबर बदल. का म्हणून? तोच नंबर डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेला असतो.

मग कळलं, डिरेक्टरीने मला 'बॉडी मसाज'खाली टाकलंय. मी तर फिजिओथेरपी निवडलं होतं. कस्टमर केअरला फोन केला. मुलगा गोड बोलला, "मॅडम, त्या कॅटेगरीत लीड जास्त येतात." लीड म्हणजे गिऱ्हाइकांची चौकशी. अरे, त्याच तर नकोत! तक्रार नोंदवली. दोन दिवसांनी मेसेज, तक्रार निकाली. नाव तिथेच. पुन्हा नोंदवली, या वेळी नोंदणी प्रमाणपत्र जोडून. पुन्हा निकाली. तिसऱ्यांदा एका बाईंनी समजावलं की प्रीमियम पॅकेज घेतलं की कॅटेगरी आपली आपण बदलता येते. म्हणजे चूक त्यांची आणि पैसे मी भरायचे. त्या दिवशी पेशंटचा गुडघा वाकवताना माझेच दात आवळले गेले होते.

शेवटी एका पेशंटच्या वकील सुनेने सांगितलं, कस्टमर केअरशी बोलूच नकोस. 2021 च्या आयटी नियमांनुसार अशा साइटला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्काचा तपशील जाहीर करावा लागतो आणि तक्रारीची पोच 24 तासांत द्यावी लागते. साइटच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत ईमेल सापडला. रात्रीच्या फोनांचे स्क्रीनशॉट, तिन्ही तक्रारींचे नंबर, सगळं पाठवलं. नवव्या दिवशी कॅटेगरी बदलली. सॉरी वगैरे काही नाही.

तोवर माझी एक पद्धत बसली होती. फोन आला की आधी विचारायचं, त्रास कोणाला, निदान काय, डॉक्टर कोण, रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर टाका. खऱ्या पेशंटच्या घरचे थांबतच नाहीत. आईचे टाके कधी काढले इथपासून सुरू करतात. दुसरे लोक रिपोर्ट म्हटल्यावर गप्प. पहिल्या भेटीला घरचं कोणीतरी हजर हवं, हेही तेव्हाच सांगते. पत्ता आणि वेळ नवऱ्याला पाठवूनच निघते.

पण 'मसाज' शब्द ऐकून फोन आपटू नका. मी आपटला होता. गव्हाणपाड्याचे एक आजोबा "मालिश करता का" म्हणाले, मी फाडकन बोलून ठेवला. संध्याकाळी त्यांच्या मुलीचा फोन, बाबांचा खांदा वर होत नाही हो. लाज वाटली. आता ते माझे सगळ्यात नियमित पेशंट.

एक वेगळाच फोनही आला. "सीआयएसएफमधून बोलतोय, वीस जवानांना फिजिओ हवी, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा." इतका अदबीने बोलत होता की मी फोन उघडलासुद्धा. पिन मागितल्यावर भानावर आले. पैसे घेताना यूपीआय पिन लागतच नाही, तो पाठवताना लागतो. कोणाचे पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर करू नका.

आणि एकच माणूस पुन्हा पुन्हा घाण बोलत असेल तर नुसतं ब्लॉक करून सोडू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम 79 अशाच बोलण्यासाठी आहे. बायकांसाठी मुंबई पोलिसांचा हेल्पलाइन नंबर 103 आहे. मला त्रास देणाऱ्या एकाने मी पोलिसांचं नाव काढताच फोन बंद केला, पण त्याचा कॉल लॉग मी अजून जपून ठेवलाय.

हां, ट्रूकॉलरही बघा. कोणीतरी माझा नंबर 'मसाज मुलुंड' म्हणून सेव्ह केला होता आणि अनोळखी लोकांना तेच दिसत होतं. माझ्या नावाने प्रोफाइल करून ते बदललं. डिरेक्टरीवाल्यांचा मात्र दर सोमवारी फोन येतो, प्रीमियम पॅकेजसाठी.